उशीपासून उलटं मोजा : संध्याकाळी व्यायाम सुरू करणाऱ्या सातारकरांसाठी

पहाटे पाचला उठून अजिंक्यतारा चढणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. मी त्यांच्यातला नाही. सहाला ऑफिस सुटतं, पोवई नाक्यावरच्या गर्दीतून गाडी काढत घरी पोचायला पावणेसात होतात आणि त्यानंतरचा जो काय वेळ उरतो तोच माझा. साताऱ्यात अशी माणसं पुष्कळ आहेत. व्यायाम करायचा तर संध्याकाळी, नाहीतर नाहीच. त्यांनी बूट घालायला घेतले की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आत्ता पळून आलास की रात्री झोप लागायची नाही हं."

त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला स्वतःवर प्रयोग करून कळलं. दोन पावसाळ्यांपूर्वी सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं डोक्यात शिरलं होतं. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून २१ किलोमीटर. एका शुक्रवारी ऑफिसात उशीर झाला म्हणून आठला घाटात गेलो, चढावर सहा वेळा जीव खाऊन पळालो, साडेनवाला घरी आलो. दहाला मटणाचा रस्सा, अकराला अंथरूण. पावणेदोनला मी छताकडे बघत पडलो होतो. मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजले. एरवी झोपताना बासष्टच्या आसपास असतात, त्या रात्री अठ्ठ्याऐंशी. तळपाय गरम, तोंडाला कोरड, घशाशी आंबट. पाणी प्यायला उठलेली आई दारातून म्हणाली, "झोप येत नाही म्हणून पळतोस, का पळतोस म्हणून झोप येत नाही? एकदा काय ते ठरव."

ठरवायला मला दोन महिने लागले. तुम्हाला लागू नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी थोडं शरीराचं घड्याळ

आपल्या शरीराचं आतलं तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला ते सगळ्यात कमी असतं आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सगळ्यात जास्त. म्हणून संध्याकाळी स्नायू मोकळे असतात, सांधे कुरकुरत नाहीत, तोच चढ सकाळपेक्षा सोपा वाटतो. हा नुसता मनाचा खेळ नाही. मग अंधार पडला की तापमान उतरायला लागतं, आणि त्या उतारावरच झोप येते.

आता मधेच जोराचा व्यायाम केला की काय होतं? तापमान अंशभर, कधी दीड-दोन अंशही चढतं. हृदयाचे ठोके वाढतात, शरीर 'पळा किंवा लढा' अशा तयारीत जातं. ही तयारी व्यायाम संपल्यावर लगेच विझत नाही. चुलीतला जाळ काढला तरी निखारा धगधगत राहतो, तसं. निखारा विझायला वेळ दिला तर उलट फायदाच, कारण चढलेलं तापमान उतरताना झोपेला हातभार लागतो आणि दिवसभर साठलेली थकावटही कामी येते. वेळ दिला नाही तर माझ्यासारखं छत मोजायचं.

झुरिकच्या संशोधकांनी २३ अभ्यास एकत्र करून केलेली पाहणी २०१८ साली आली. तिच्यात संध्याकाळच्या व्यायामानं झोप बिघडते असं दिसलं नाही, गाढ झोप किंचित वाढलेलीच दिसली. अपवाद एक : जोराचा व्यायाम झोपेआधी तासाभरात संपवला तर झोप लागायला उशीर. मग २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाची मोठी पाहणी आली. ठोके आणि झोप मोजणारा पट्टा मनगटाला बांधून फिरणारी १४,६८९ माणसं, सुमारे ४० लाख रात्री. त्यांनी सांगितलं की व्यायाम फार जोराचा असेल तर तो झोपेच्या चार तास आधी संपलेला बरा. अगदी कमाल जोराचा व्यायाम झोपेच्या दोन तास आधी संपवणाऱ्यांना, हलका व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत, झोप साधारण ३६ मिनिटं उशिरा लागली होती.

एक तास की चार तास? मला यात भांडण दिसत नाही. दोघांचंही बोट एकाच गोष्टीवर आहे : जोर जितका जास्त, तितकं अंतर जास्त ठेवा. हलक्या चालण्याला कुणीच नावं ठेवलेली नाहीत.

पायरी १ : उशी आधी ठरवा, बूट नंतर

नवखी माणसं व्यायामाची वेळ आधी ठरवतात आणि झोप उरल्यासुरल्या वेळात कोंबतात. उलटं करा. सकाळी सहाला उठायचं आहे आणि मोठ्या माणसाला किमान सात तास तरी झोप हवी, म्हणजे साडेदहाला डोकं उशीवर. आता उशीपासून मागं मोजा.

मध्यम व्यायाम, म्हणजे भरभर चालणं, सावकाश सायकल, हलकी वजनं : दोन तास आधी संपवा. साडेआठला बूट काढलेले पाहिजेत. जोराचा व्यायाम, म्हणजे घाट पळणं, जड वजनं, दम काढणारा फुटबॉल किंवा बॅडमिंटन : चार तास आधी. म्हणजे साडेसहा! नोकरदाराला हे आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जमणारच नाही, आणि म्हणूनच सांगतो, जोराचं काम शनिवार-रविवारसाठी ठेवा. मी आता घाटात फक्त रविवारी सकाळी जातो. शर्यत तरी कुठं रात्री असते?

शतपावलीला हा हिशोब लागू नाही. ती जेवणानंतर खुशाल घाला.

पायरी २ : तुमच्यासाठी 'जोराचं' म्हणजे काय ते ओळखा

इथंच नवखे फसतात. शेजारचे काका रोज किल्ल्यावर जातात, त्यांच्यासाठी तो फेरफटका आहे. तुम्ही गेली दहा वर्षं खुर्चीत बसलेले आहात, तुमच्यासाठी तोच चढ म्हणजे शर्यत. जोर रस्त्यावर नसतो, तुमच्या छातीत असतो.

मोजायला घड्याळ लागत नाही, तोंड पुरतं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, तो जोराचा. सोबत कुणी असेल तर त्याला आज दुपारी डब्यात काय होतं ते सांगायला सुरुवात करा. "मेथीची भाजी..." एवढ्यावरच दम लागला तर वेग कमी करा. एकटे असाल तर फोनवर बोलत असल्याचं सोंग करा. लोक बघतील, बघू द्या.

पहिले दोन आठवडे फक्त मध्यम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी करायला सांगते. १५० म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. सुरुवातीला वीस मिनिटंच झाली तरी चालेल, पण वेळ ठरलेली ठेवा. एक दिवस साडेसहाला, दुसऱ्या दिवशी नऊला असं केलं की शरीराला काही अंदाज येत नाही.

पायरी ३ : जागा निवडा

सपाटीसाठी गोडोलीचं तळं किंवा शाहू क्रीडा संकुल. थोडा चढउतार हवा असेल तर कुरणेश्वराकडचा रस्ता, झाडी आहे, संध्याकाळी गार वाटतं. अजिंक्यताऱ्यावर वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण पहिल्या दोन आठवड्यांत वर पोचायचा हट्ट नको. घड्याळ लावून पंधरा मिनिटं चढा आणि जिथं असाल तिथून परत फिरा. मंगळाईचं देऊळ कुठं पळून जात नाही.

अंधाराचं मात्र गमतीवारी नेऊ नका. किल्ल्यावर आणि डोंगरउताराला बिबट्याचा वावर आहे, कुत्री आहेत, पावसाळ्यात शेवाळ आहे. दिवेलागणीआधी खाली यायचं, हाच नियम. यवतेश्वरच्या घाटात पायी चालणाऱ्यासाठी वेगळी जागा नाही आणि कासची फुलं बघून परतणाऱ्या गाड्या रविवारी संध्याकाळी एकामागं एक उतरत असतात. तिथं जायचंच तर रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. अंगात पांढरा किंवा पिवळा शर्ट, हातात बॅटरी. कानात गाणी नकोत.

जिमला जाणार असाल तर दोन गोष्टी. रात्री नऊला दुधासारखा पांढरा उजेड, छातीत धडधडणारं संगीत आणि समोर आरसा, या वातावरणातून बाहेर पडलेल्या माणसाच्या मेंदूला रात्र झाली आहे हे कळायलाच वेळ लागतो. मेंदू झोपेचं रसायन, मेलाटोनिन, अंधारात सोडतो. सातची बॅच मिळाली तर नऊची घेऊ नका. आणि दुसरी गोष्ट म्हणजे डब्यातली पावडर, तिच्याकडं आता येतोच.

पायरी ४ : पोट आणि चहा

माझ्या मते संध्याकाळच्या व्यायामावर जे खापर फुटतं, त्यातलं निम्मं जेवणाचं आणि चहाचं असतं.

आपल्याकडं ऑफिसातून आल्यावर चहा, मग व्यायाम, मग भूक खवळलेली, मग साडेनवाला भरपेट जेवण, मग लगेच आडवं. पोट भरलेलं असताना आडवं झालं की आंबट वर येतं आणि झोप मोडते. नाव व्यायामाचं होतं. उपाय साधा आहे. व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास काहीतरी थोडं खा : एखादं केळं, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. मग परत आल्यावर ताटावर तुटून पडायला होत नाही. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-अडीच तास आधी, आणि थोडं कमी तिखट. भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी, ताक नको असेल तर नको. रस्सा दुपारी खा, तो कुठं नाही म्हणतोय.

कॅफीन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. सहाला घेतलेल्या चहाचा निम्मा असर अकरालाही अंगात असतो. एक कप चहा फार नाही, पण व्यायामाआधी चमचाभर घेतात त्या पावडरींत बहुतेक वेळा चहाच्या चार-पाच कपांइतकं कॅफीन असतं. माझा एक मित्र दोन महिने सांगत होता की जिममुळं झोप उडाली. डबा फिरवून मागचं वाचल्यावर कळलं, एका मापात २०० मिलिग्रॅम. डबा त्यानं भाच्याला दिला (भाचा सकाळी जातो). जिम तीच, वेळ तीच, झोप परत आली. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यानं शेवटचा चहा चारला घ्यावा आणि पावडर घेऊच नये, एवढं साधं आहे.

पाणी व्यायामाच्या आधी आणि लगेच नंतर प्या. झोपताना तांब्याभर प्यायलात तर रात्री दोनदा उठाल.

पायरी ५ : निखारा विझवा

व्यायामाची शेवटची दहा मिनिटं निम्म्या वेगानं. घराच्या दारापर्यंत पळत येऊन धापकन सोफ्यावर बसायचं नाही. चौकातूनच चालायला लागा. घरी आल्यावर पाठीवर पडून पाय भिंतीला लावा, सावकाश श्वास सोडा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या.

मग आंघोळ. लोकांना वाटतं की तापलेल्या अंगावर गार पाणी ओतलं की झोप येईल. गार पाण्यानं उलट जाग येते. झोपेच्या तास-दीड तास आधी दहा मिनिटं कोमट-गरम पाण्यानं, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, आंघोळ केली तर झोप लवकर लागते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. गंमत अशी की गरम पाण्यानं हातापायांच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि आतली उष्णता तिथून बाहेर पडते. म्हणजे गरम पाणी अंग गार करतं! डिसेंबरात साताऱ्याच्या थंडीत हा उपाय कुणाला सांगावाच लागत नाही. एप्रिलमध्ये मात्र लोक ऐकत नाहीत.

आंघोळीनंतर घरातले मोठे दिवे बंद, एखादा पिवळा दिवा पुरे. आणि पळालेल्या रस्त्याचा नकाशा स्टेटसला टाकून कुणी काय लिहिलं ते बघत बसू नका. हे मी स्वतःला सांगतोय असं समजा.

पायरी ६ : वही

दोन आठवडे, रोज सकाळी, चार आकडे : व्यायाम किती वाजता संपला, जेवण किती वाजता, अंदाजे किती वाजता झोप लागली, सकाळी किती ताजं वाटलं (पाचपैकी). बस्स. घड्याळ झोपेला जे गुण देतं ते पहिल्या दोन आठवड्यांत बघूच नका. चाळीस गुण दिसले की चांगला झोपलेला माणूसही दमलेला वाटायला लागतो.

दोन आठवड्यांनी वही उघडा आणि एकच गोष्ट बदला. व्यायाम अर्धा तास अलीकडं घ्या, किंवा फक्त जेवण अलीकडं घ्या. दोन्ही एकदम बदललंत तर कशामुळं फरक पडला ते कळणार नाही. माझ्या वहीत निघालं ते असं : साडेआठपर्यंत संपलेल्या चालण्यानं झोपेला काहीच धक्का नाही, पण जेवण साडेनवाच्या पुढं गेलेली प्रत्येक रात्र खराब. तुमच्या वहीत वेगळं निघेल. काही माणसं रात्री दहाला बॅडमिंटन खेळून अकराला घोरतात. त्यांना हा लेख दाखवायला जाऊ नका.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं

छातीत दुखणं, चढताना गरगरणं, हृदयाचा जुना त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर, मग बूट. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर खासच, कारण संध्याकाळच्या व्यायामानं साखर कित्येक तासांनी, मध्यरात्री झोपेत उतरू शकते. घाम फुटून, थरथरून जाग येत असेल तर तो व्यायामाचा चांगला परिणाम समजू नका. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंगणं याचा व्यायामाच्या वेळेशी संबंध नसतो, ते वेगळं दुखणं आहे. आणि आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही, असं तीन महिने चाललं असेल, तर व्यायामाची वेळ मागंपुढं करत बसू नका, दाखवा.

एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांचं गणित तेच, फक्त घड्याळ फिरवलेलं. रात्री साडेअकराला घरी येऊन दंडबैठका काढायच्या नाहीत. पाळीला निघायच्या आधी, दुपारी, व्यायाम उरका. रात्रपाळीवाल्यांची उशी सकाळी आठला असेल तर त्यांनीही तिथूनच मागं मोजायचं.

आणि पाऊस लागला तर

जुलैमध्ये साताऱ्यात आठ-आठ दिवस बाहेर पाऊल टाकता येत नाही. न्यूझीलंडमध्ये २०२४ साली एक छोटा प्रयोग झाला, माणसं जेमतेम तीसेक, पण मला फार आवडला. संध्याकाळी चार तास बसून काढायचे, मात्र दर अर्ध्या तासानं उठून तीन मिनिटं हलायचं : खुर्चीवरून उठाबशा, टाचा उचलणं, उभ्यानं गुडघे वर घेणं. नुसतं बसून राहिलेल्या दिवसापेक्षा त्या रात्री माणसं सरासरी २७ मिनिटं जास्त झोपली.

हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मालिकेत जाहिराती लागल्या की ती खुर्चीच्या पाठीला धरून टाचा वर-खाली करायला लागली. आता शेजारच्या काकूही त्या वेळेला येतात. टीव्हीचा आवाज कमी करून दोघी मोजतात, आणि मालिका परत सुरू झाली की आकडा विसरतात.